गाडीमागे एक पीप

आमच्या कंपनीत नवी सिस्टीम आली त्या वर्षी मी स्टोअरमधल्या जुळवणीकाकांना बाई करून टाकलं. मुद्दाम नाही. चारशे माणसांची यादी जुन्या तक्त्यातून नव्या सिस्टीममध्ये न्यायची होती. नावं क्रमाने लावली तर बरं दिसेल, असं मला वाटलं आणि मी नावांचा रकाना तेवढा उचलून क्रमाने लावला. बाकीचे रकाने होते तिथेच राहिले. एका बटणासरशी कारखान्याचे व्यवस्थापक एकोणीस वर्षांचे झाले, कॅन्टीनच्या आचाऱ्याला बॉयलर चालवायचा परवाना मिळाला आणि काका स्त्री झाले. मी मात्र त्या संध्याकाळी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की आठवड्याचं काम आज एका दिवसात उडवलं.

ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही, कारण सिस्टीम सगळं बरोबर आहे म्हणत होती. चूक उघडी पडली ती महिला दिनाला. काकांना एक गुलाब, एक भेटकार्ड आणि अर्ध्या दिवसाची रजा मिळाली. दुसऱ्या दिवशी काका माझ्या काचेच्या केबिनमध्ये आले. अंगात खाकी शर्ट, कानामागे खडू, चेहरा गंभीर.

"सायेब, गुलाब घेतला. अर्धी रजा बी घेतली. आता मला परत पुरुष करा. सोमवारी तब्येतीची तपासणी हाय आन् माझं नाव बायकांच्या रांगेत लागलंय."

"काका, तुम्ही काल सकाळीच का नाही सांगितलंत?"

"काल सांगितलं असतं तर गुलाब परत द्यायला लागला असता. मंग आमच्या मंडळीनं केसात काय माळलं असतं?"

मी घाईघाईने दुरुस्ती करायला घेतली. काका उभेच होते. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ही यादी बनवताना तुमी व्हतात कुठं?"

"इथेच. या खुर्चीत."

"तेच म्हनतो," काका म्हणाले आणि गेले.

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता हे मला पुढे कळलं. काहीही चुकलं, की दुसरे लोक 'काय झालं', 'कोणी केलं' असं विचारतात. काका विचारायचे, 'तू व्हतास कुठं?' बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं: खुर्चीत. आणि बहुतेक वेळा ती खुर्ची माझी असायची.

जुळवणीकाका हे नाव त्यांना जुन्या काळात पडलं. महिनाअखेरीला वहीतला साठा आणि प्रत्यक्ष साठा यांची जुळवणी करायची, ती ते करत. नव्या पोरांना वाटायचं, काका लग्नं जुळवतात. मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीतल्या दोघातिघांनी त्यांना मुलींच्या पत्रिकाही आणून दिल्या. काकांनी गैरसमज दूर केला नाही. उलट त्यातलं एक लग्न जुळवून दिलं, आणि ते अजून टिकलंय. माझ्या सिस्टीमबद्दल मी असं छातीठोकपणे काही सांगू शकत नाही.

आम्ही दोघंही कर्जतचे. भिसेगावातून कंपनीची बस मिळायची. काका ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर आणि मी त्यांच्या शेजारी. चौकपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत शेतं मोजायचे. या वर्षी कोणाची लावणी राहिली, कोणी प्लॉट पाडले, कोणाच्या बांधावर कंपाउंड चढलं, हे सगळं त्यांना पाठ असे. "सातबाऱ्यावर अजून भात हाय," ते एकदा एका चार मजली रिसॉर्टकडे बोट दाखवून म्हणाले. "तुमच्या सिस्टीमला एकटीला कशाला नावं ठेवू?"

संगणकाशी त्यांचं भांडण होतं असं नाही. पडदा ते नीट वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवून, सगळ्या ओळी. पण दोन आकडे जुळेनात, की यातला कुठला खरा हे ते कधी विचारायचे नाहीत. "आधी मालाला श्येवटचा हात कोनाचा लागला ते सांगा," म्हणायचे आणि त्या हाताच्या शोधात निघायचे. पुण्याहून आलेल्या सल्लागारांना याचा फार राग यायचा. ते आठ-आठ तास बसून या अहवालातून तो अहवाल वजा करत असायचे, आणि काका हातातला कागद घडी करून खिशात घालून चालू पडायचे. त्यातल्या एका तरुण सल्लागाराने त्यांना अडवलं. "काका, सगळा डेटा इथे आहे, तुम्ही बाहेर कुठे चाललात?" काका म्हणाले, "डेटा इथं हाय रं बाबा, पर माल तिथं हाय."

खराट्यांचं प्रकरण त्याच वर्षातलं. आवार झाडायला वीस खराटे हवे होते. मागणी सिस्टीममधून गेली. मी सिस्टीममध्ये खराटा या वस्तूचं एकक 'गड्डी' असं ठेवलं होतं, का ते विचारू नका. एका गड्डीत पन्नास. दोन टेंपो भरून हजार खराटे गेटवर उभे राहिले. मी घाबरून पडदा उघडला, तर सगळं हिरवंगार. मागवले वीस, पाठवले वीस, पोचले वीस. काका माझ्या मागे उभे राहून बघत होते.

"सायेब, घाबरू नका. मागनी जुळतेय, चलान जुळतंय, सिस्टीम जुळतेय. फक्त खराटे जुळत नायत."

त्या दिवाळीला कंपनीने मिठाईबरोबर प्रत्येकाला दोन दोन खराटे दिले. आमच्या घरी चार आले, कारण एकाने आपले नेले नाहीत, ते मलाच घ्यावे लागले. बायकोने शेजाऱ्यांना वाटले. वाटताना ती कारण सांगायची नाही, हे तिचे उपकार.

पण काकांचं खरं दर्शन मला घडलं ते पिपांच्या भानगडीत.

आमच्याकडे रसायनाची पिपं ट्रकने येतात, एका गाडीत ऐंशी. ती उतरवणारी टोळी बळीराम मुकादमाची. खालापूरकडच्या एका गावातली आठ माणसं, सगळी भातशेतीवाली, शेतीचे दिवस सोडले तर वर्षभर आमच्याच माल उतरवायच्या धक्क्यावर. पूर्वी ते पिपं मोजत आणि काका भिंतीवर खडूने लिहीत. नव्या सिस्टीममध्ये खडू बसत नव्हता. म्हणून मी बळीरामच्या गळ्यात स्कॅनर अडकवला. बंदुकीसारखा दिसणारा तो प्रकार पिपावर रोखायचा, घोडा दाबायचा, टुक् असा आवाज आला की पीप मोजलं गेलं आणि त्याचं लेबल छापून बाहेर आलं. शिकवायला मला वीस मिनिटं लागली. त्यावर मी चाळीस पानांचा अहवाल लिहिला.

पहिल्याच महिन्यापासून पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. चलान म्हणे ऐंशी, सिस्टीम म्हणे एकोणऐंशी. पुढची गाडी, पुन्हा एकोणऐंशी. पावसाळा अर्ध्यावर येईपर्यंत एक्केचाळीस गाड्या झाल्या आणि एक्केचाळीस पिपं गायब. मुख्य कार्यालयातून रोज ऑनलाइन बैठका सुरू झाल्या. मी सॉफ्टवेअर पुन्हा चढवलं, उतरवलं, स्कॅनरच्या बॅटऱ्या बदलल्या, पुण्याच्या सल्लागारांनी दोन तक्ते एकमेकांवर ठेवून तिसरा तक्ता काढला. तिसऱ्या तक्त्यातही एकोणऐंशीच होते.

शेवटी बैठकीतल्या एका मोठ्या साहेबांनी निदान केलं. "प्रत्येक गाडीमागे बरोबर एक. हे मशीनचं काम नाही. ही ठरवून केलेली चोरी आहे." सगळ्यांना हायसं वाटलं. सॉफ्टवेअर सुटलं, सल्लागार सुटले, मी सुटलो. राहिले बळीराम आणि त्याची सात माणसं. शनिवारी टोळी बंद करायची आणि आठही नावं गेटवरच्या काळ्या यादीत टाकायची, असं ठरलं. ती यादी आसपासच्या सगळ्या कारखान्यांत फिरते. एकदा नाव लागलं, की या पट्ट्यातल्या एकाही गेटमधून माणूस आत जात नाही. त्यासाठी कारणांचा अहवाल हवा होता. तो मी लिहिला. चोरी असा शब्द मी वापरला नाही, मी सभ्य माणूस आहे. मी लिहिलं: 'मूळ कारण: मानवी हस्तक्षेप.' खाली सही केली.

शुक्रवारी सकाळी बसमध्ये मी काकांना हे सांगितलं. थोडं अभिमानानेच सांगितलं असावं. त्या दिवशी काकांनी एकही शेत मोजलं नाही.

"दर गाडीला एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच. एक्केचाळीस वेळा."

"चोर इतका नेमाचा नसतो रं." मला ते पहिल्यांदाच साहेब सोडून रं म्हणाले. "चोर एकदा दोन नेल, एकदा तीन नेल, यखाद्या दिशी त्याचं पोट बिघडलं तर कायच नेनार नाय. दर टायमाला एक, न चुकता, म्हंजी ही चोरी नाय. ही पूजा हाय." मग म्हणाले, "गाडी उतरताना तू कधी धक्क्यावर उभा राह्यलास?"

मी म्हटलं, धक्क्यावर कॅमेरा आहे. बस कंपनीत शिरली तशी काका उतरून थेट धक्क्यावर गेले.

पहिली गाडी साडेनऊला लागली. पुढे जे घडलं ते काकांनी सांगितलेलं सांगतो. पहिलं पीप फळीवरून खाली आलं. बळीरामने दोन्ही हात त्यावर टेकले, हात कपाळाला लावले आणि म्हणाला, "लाभ." पीप बाजूला सरकवलं. मग दुसरं आलं, तेव्हा त्याने गळ्यातला स्कॅनर उचलला आणि म्हणाला, "दोन." टुक्. "तीन." टुक्.

खळ्यावर भात मोजताना या भागात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. ते लक्ष्मीचं माप. ते दोन्ही हातांनी घ्यायचं, लाभ म्हणायचं, आणि मग दोनपासून पुढे. हे मलाही ठाऊक होतं. माझ्या आजोळी मी लहानपणी हेच ऐकलेलं. खडू काकांच्या हातात होता तोवर लाभ म्हटलं की त्यांची पहिली रेघ पडायची. माझ्या चाळीस पानांत लाभ नव्हता.

"बळीराम, पयल्या पिपाला मशीन का नाय लावलंस?" काकांनी विचारलं.

बळीरामला प्रश्नच समजला नाही. "काका, पयल्या मापावर बंदूक कशी धरू?"

आता ती पिपं गेली कुठे? लेबल नाही म्हणून प्रॉडक्शनवाले घेत नव्हते. सिस्टीम त्यांना ओळखत नव्हती. टोळीने ती एकेक करून मागच्या जुन्या शेडमध्ये नेऊन ठेवली होती. शेडपर्यंत गुडघाभर चिखल. काका त्यातून गेले आणि तिथून मला फोन केला.

"ये इकडं. बेचाळीस हायत, आजचं धरून."

मी म्हटलं, "काका, मी बैठकीत आहे. फोटो पाठवा ना."

त्यांनी फोटो पाठवला. त्यात त्यांचा अंगठा होता आणि अंगठ्यामागे काहीतरी निळं. मी तो फोटो बैठकीत सगळ्यांना दाखवला. सल्लागारांनी मोठा करून बघितला.

तासाभराने काका केबिनमध्ये आले. स्वच्छ फरशी, गार हवा आणि त्यात काका, पॅन्टीला मांडीपर्यंत चिखल. बसले. पाहुण्यांसाठीच्या पांढऱ्या खुर्चीत ते पहिल्यांदा बसले.

"बळीरामला मी इचारलं, बाबा, इतकी पिपं साठली तर सांगितलं का नाय कोनाला. तो म्हनला, तीनदा गेलतो सायबांकडं. काचेवर टकटक केली. सायबांनी हातानं थांब म्हनून सांगितलं. मी थांबलो. मंग गाडी लागली, गेलो."

मला ते आठवत होतं. काचेपलीकडे एक माणूस, गळ्यात स्कॅनर. तिन्ही वेळा मी बैठकीत होतो, आणि तिन्ही बैठका याच पिपांवर होत्या.

मी तिथल्या तिथे मुख्य कार्यालयाला मेल लिहिला. अहवाल मागे घेतो, काही तांत्रिक कारणांमुळे नोंदीत तफावत दिसत होती, टोळीचा संबंध नाही, नावं यादीत टाकू नयेत. काकांना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

"चांगलं लिवलंस. बळीरामला मेल येतो का?"

"नाही."

"मंग ऊठ."

धक्का पक्का आहे, वर पत्रा आहे. टोळी जेवून बसली होती. आपली नावं उद्या कुठे लागणार होती हे त्यांच्या कानावर आलं होतं, त्यामुळे कोणी उठलं नाही. मी सुरुवात केली, "बळीराम, काही तांत्रिक अडचणींमुळे आपल्याकडे..." काका खोकले. मी पुन्हा सुरुवात केली, "नोंदींमध्ये जी तफावत..." काका पुन्हा खोकले. त्यांना खोकला नव्हता.

मग मी म्हणालो, "मी बघायला आलो नाही. न बघता तुमच्यावर सही केली. माझं चुकलं."

बळीरामने बराच वेळ डबा बांधला. मग म्हणाला, "बसा सायेब. चा येतोय." आणि चहा झाल्यावर, "आता पयल्या पिपावर बी बंदूक धरायची का?"

माझ्या चाळीस पानांत हे कुठेच नव्हतं. काका म्हणाले, "पयल्याला हात जोड, लाभ म्हन, बाजूला ठेव. समदी झाली की श्येवटी त्याच्या पाया पडून हळूच टुक् कर. लक्ष्मीला कुठं गाडी पकडायचीय?"

त्या दिवसापासून लाल ओळ आली नाही. सहा महिन्यांनी पुण्याच्या सल्लागारांनी ही पद्धत एका सादरीकरणात दाखवली. तिला इंग्रजीत भारदस्त नाव होतं आणि बाणांची एक आकृती होती. काकांना मी ती दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती पूर्ण वाचली आणि विचारलं, "यात बळीराम कुठला?" मी एका बाणावर बोट ठेवलं.

आणि मी? त्या शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला मी बायकोला सगळी हकिगत सांगितली. चोरीचा संशय, आठ कुटुंबं, नेमाचा चोर नसतो हा तर्क, चिखल तुडवत जुन्या शेडपर्यंत जाणं, पिपं सापडणं. फक्त चिखल तुडवणारा माणूस मी होतो. ठरवून नाही केलं. सांगता सांगता रकाना सरकला. पुढे ती गोष्ट मेव्हण्याला सांगितली, मुलाच्या मित्रांना सांगितली, आणि दर वेळी चिखल वाढत गेला. बायको प्रत्येक वेळी शेजारी बसून ऐकायची.

काका निवृत्त झाल्यावर कोंडाण्याकडच्या आपल्या गावी जाऊन राहिले. अधूनमधून फोन करत. "सिस्टीम कशी हाय?" मी म्हणायचो, बरी आहे. "बघून सांगतोस का बसून?" यंदा माघात ते गेले. फार आजारी नव्हते. सकाळी उठून बांधावर जाऊन आले, ओटीवर टेकले, आणि तेवढंच.

तेराव्याला मी आणि बायको गेलो. अंगणात मांडव होता. कंपनीतले बरेच जण होते, बळीरामची टोळी सगळी होती, आठच्या आठ. जेवणं झाल्यावर काकांचा मुलगा म्हणाला, "सायेब, बाबांबद्दल दोन शब्द बोला." मी उठलो. पिपांचीच गोष्ट सांगायची हे मनात पक्कं होतं, आणि तोंडपाठही होती. पण समोर बळीराम बसला होता, मांडी घालून, माझ्याकडे बघत. त्यामुळे मी ती जशी झाली तशी सांगितली. काचेवरची टकटक सांगितली, अंगठ्याचा फोटो सांगितला, शेडपर्यंत मी गेलोच नाही हे सांगितलं. सहीचंही सांगितलं. बळीराम मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याने एकदाच वर बघितलं आणि मान हलवली, जसा तो चलान बरोबर असलं की हलवायचा. ज्यांच्यासमोर हे बोलायला हवं होतं, ते मात्र नव्हते.

आम्ही दोघं रिक्षाने परत निघालो. भिसेगाव जवळ आलं तसं मी बायकोला म्हणालो, "तुला आज ते सगळं नवीन वाटलं असेल."

"कशाला?" ती म्हणाली. "त्या शुक्रवारी तुमचे बूट कोरडे होते. मीच उचलून ठेवले होते."